मायेची भाषा आणि पाळणाघराची पावती

गेल्या हिवाळ्यात आमच्या परिसरातील एका महाविद्यालयात ‘मराठी साहित्यातील मातृप्रतिमा’ या विषयावर एकदिवसीय चर्चासत्र झाले. बीजभाषण अभ्यासपूर्ण होते, निबंधही एरवीपेक्षा बरे होते. दुपारच्या सत्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण प्राध्यापिकेचा निबंध होता. जेवणाच्या सुट्टीत तिला शेजारणीचा फोन आला. मुलाच्या अंगात ताप होता आणि शेजारणीला स्वतःला दुसऱ्या पाळीला कामावर निघायचे होते. हातातली पाने पिशवीत कोंबून ती बसस्थानकाकडे गेली. सत्राध्यक्षांनी तिची अनुपस्थिती जाहीर करताना, मातृत्वाच्या हाकेपुढे शोधनिबंधाची काय मातब्बरी, अशा अर्थाचे एक सुरेख वाक्य उच्चारले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. सायंकाळी प्रमाणपत्रे वाटली गेली, तेव्हा तिचे प्रमाणपत्र तेवढे बाजूला काढून ठेवले होते. सादरीकरण झाले नाही तर प्रमाणपत्र नाही, असा नियम आहे. मुलाखतीच्या वेळी त्या कागदाला गुण असतात, टाळ्यांना नसतात.

प्रस्तुत टिपण त्या टाळ्यांविषयी आहे.

आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. एक बारामतीत शिकवते, दुसरी इंदापुरात. मध्ये पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, भवानीनगर, जंक्शन, लासुर्णे, निमगाव केतकी ही गावे आणि दुतर्फा ऊस. दोघींची मुले आता मोठी झाली आहेत, म्हणजे हा प्रश्न आमच्यापुरता संपलेला आहे. बहुधा म्हणूनच त्यावर लिहायला आम्हाला सवड मिळाली. ज्यांच्यापुढे तो आज उभा आहे त्यांना लिहायला वेळ कुठला? आमचे म्हणणे थोडक्यात असे, की नोकरी-मजुरी करणाऱ्या कुटुंबाला मूल सांभाळण्यासाठी जो खर्च येतो तो श्रमाचा खर्च आहे आणि तो समाजाने व मालकाने वाटून घ्यायला हवा. मात्र मराठीत हा विषय निघाला रे निघाला की आपण नात्यांची भाषा बोलू लागतो, आणि त्या भाषेत हिशेबाला जागाच राहत नाही. ही भाषा घडवण्यात आमच्या विषयाचा, म्हणजे मराठीच्या अध्यापनाचा, मोठा वाटा आहे.

हिरकणीची आख्यायिका घ्या. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, कोजागिरीचा दिवस, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे बाळ, आणि तिने उतरलेला तो कडा. शाळेपासून आपण ही गोष्ट शिकतो आणि शिकवतो. तिचा उत्तरार्ध मात्र घाईने उरकतो. महाराजांनी तिला साडीचोळी देऊन गौरवले आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. किल्ल्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले, शत्रूला वाट मिळता कामा नये. पण हिरकणीच्या बाजूने पाहिले तर काय घडले? तिचा सन्मान झाला, तिची वाट बुजली, आणि दरवाजाची वेळ तीच राहिली. दुसऱ्या दिवशी दूध घालायला जाणाऱ्या बाईचे मूल कोणी पाहायचे, हा प्रश्न आख्यायिकेत नाही. आख्यायिकेत तो नसतोही. आमची तक्रार आख्यायिकेशी नाही, ती जशीच्या तशी धोरण म्हणून वापरणाऱ्यांशी आहे. एसटी स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी कक्ष झाले त्यांना हिरकणीचे नाव मिळाले. कक्ष हवेच होते, नावही गोड आहे. पण स्थानकावर पंधरा मिनिटे थांबणाऱ्या आईला खोली आणि कारखान्यात आठ तास उभ्या असणाऱ्या आईला आख्यायिका, ही वाटणी आम्हाला पटत नाही.

आता शब्दांकडे वळू, कारण तेवढाच आमचा अधिकार आहे. अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला ‘सेविका’ म्हणतात, तिच्या जोडीदारणीला ‘मदतनीस’. त्यांना मिळते ते ‘मानधन’. दिवाळीत शासन त्यांना जी रक्कम देते तिचे नाव ‘भाऊबीज भेट’. कारखान्यातील कामगाराला दिवाळीत मिळतो तो बोनस असतो; तो मागता येतो, त्यावर भांडता येते, तो न मिळाल्यास दावा लावता येतो. भाऊबीज मागायची नसते, भाऊ घालेल तेवढी आनंदाने घ्यायची असते. केंद्र सरकारने सेविकेचे मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये महिना ३००० वरून ४५०० रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. ‘मानधन’ या शब्दाचा खरा अर्थ शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावा लागला. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात न्यायालयाने निर्णय दिला, की त्यांना उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी लागू आहे आणि ज्याला मानधन म्हटले जाते ते कायद्याच्या व्याख्येत वेतनच आहे. आमच्या माहितीत मराठीच्या एकाही विभागाने या निकालाची दखल घेतलेली नाही. वास्तविक अर्थविज्ञानाच्या तासाला याहून चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत वापरलेली भाषा त्याच कुळातली. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि जुलैपासून २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रियांसाठी महिना १५०० रुपये ठरले. या पैशांची टवाळी करणारे शहरी लेख आम्ही वाचले आहेत. आम्हाला ते उर्मट वाटतात. आमच्या वर्गातल्या मुलींच्या आयांनी त्यातून परीक्षेचे अर्ज भरले, औषधे आणली. ही योजना बालसंगोपनासाठी नाही, हेही मान्य. पण पाळणाघरांचा विषय काढला की हल्ली ‘पंधराशे मिळतात ना?’ असे उत्तर येते, म्हणून हिशेब मांडणे भाग आहे. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले तर दिवसाला ५८ रुपयेही पडत नाहीत. आठ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा एक तास धरला तर तासाला साडेसहा रुपयांच्या आसपास. मायेचा दर तासाला साडेसहा रुपये, असे कोणी उघडपणे म्हणणार नाही. ‘लाडकी’ म्हटले की म्हणावे लागत नाही.

पूर्वी काहीच नव्हते असेही नाही. २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, नोकरदार आयांच्या सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी. २०१७ मध्ये ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, २०२२ मध्ये ‘पाळणा’ या नावाने मिशन शक्तीत गेली, आणि आता अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचे उद्दिष्ट आहे. देशभरासाठी आकडा १७ हजारांचा. २०१७ च्या योजनेत एक गोष्ट फार शहाणपणाची होती. पाळणाघर दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस चालावे आणि पालकांनी ऐपतीप्रमाणे शुल्क द्यावे: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने महिना २० रुपये, बारा हजारांपर्यंत मासिक उत्पन्न असलेल्याने १००, त्यावरच्याने २००. वीस रुपयांची का होईना, पावती मिळणार. पावती मिळाली की आपण ग्राहक असतो, नागरिक असतो. दार उशिरा उघडले, दूध नासके निघाले तर जाब विचारू शकतो. भाऊबिजेत हे जमत नाही. दुर्दैवाने शहाणपण कागदावर अधिक आणि दारे थोडी, असा या योजनांचा एकूण प्रवास राहिला. साधी अंगणवाडी घ्या. तिची वेळ दिवसातून चारेक तासांची, आणि बालशिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे. पहिल्या पाळीला सकाळी सातच्या आधी घर सोडणाऱ्या औद्योगिक वसाहतीतल्या जोडप्याला त्या चार तासांचा उपयोग काय? आणि मूल दीड वर्षाचे असेल तर तेही नाहीत.

कायद्याने मोजदाद कशी केली, हे मुद्दाम पाहावे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ४८ व्या कलमानुसार विशिष्ट संख्येहून अधिक स्त्री-कामगार असतील तर कारखान्यात पाळणाघर बंधनकारक होते. ही संख्या आधी पन्नास होती, १९७६ च्या दुरुस्तीने तीस झाली. हेतू चांगला, पण त्यातले गृहीतक पाहा. मोजायच्या त्या बाया. बापाचे मूल कायद्याला दिसत नव्हते, आणि व्यवस्थापकाच्या डोळ्यांपुढे मात्र एकतिसावी बाई उभी होती. तिला घेतले तर पाळणाघर काढावे लागणार. २०१७ मध्ये मातृत्व लाभ अधिनियमात दुरुस्ती झाली. भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे आले. इथे मोजदाद स्त्री-पुरुष सगळ्यांची होती. आमच्या मते त्या दुरुस्तीतला सर्वांत क्रांतिकारक शब्द ‘माता’ नव्हता, ‘कर्मचारी’ होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही कायदे त्यांत विरले. संहितांतही आकडा पन्नासचा आणि सर्व कामगारांचा आहे. पण आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा देणाऱ्या २०१७ च्या कायद्याने बापाला एकदाही ती दिली नव्हती. आणि पाळणाघराच्या खर्चाची वाटणी कशी करायची, याविषयी त्याने मौन पाळले होते. ज्या खर्चाचा धनी लिहिलेला नसतो तो कोणाच्या अंगावर पडतो, हे आमच्या चर्चासत्रातून निघून गेलेल्या बाईला विचारावे.

पन्नासचा हा आकडा उसाच्या फडात चालत नाही. आमच्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्या मोजमापाचे एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल कोयत्यावर दिली जाते, हिशेब कोयत्यावर होतो. दोन माणसांना एका हत्याराचे नाव देणारा हा शब्द आम्ही अनेक वर्षे ग्रामीण साहित्याच्या तासाला ‘बोलीतील समर्पक लक्षणा’ म्हणून फळ्यावर लिहिला. या लक्षणेत तिसरा जीव कुठे आहे, असे एका विद्यार्थिनीने विचारले तेव्हा आम्ही गप्प झालो. तिचे आईवडील तोडीला जात. धाकट्या भावाला तिने वयाच्या आठव्या वर्षापासून सांभाळले होते, कोपीजवळ किंवा फडाच्या बांधावर, पाचटावर पटकूर अंथरून. त्या हंगामांत तिची शाळा बुडाली. म्हणजे आमच्याकडे पाळणाघर होते, ते आठ वर्षांची मुलगी चालवत होती आणि त्याचा खर्च तिने आपल्या दुसरी-तिसरीच्या वर्षांतून भरला होता.

मूल आजारी पडले म्हणून आई एक दिवस थांबली तर खाडा लागतो, कापून घेतला जातो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर विधिमंडळात गदारोळ झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाळी चुकवण्यासाठी बाईला गर्भाशयच काढावेसे वाटावे, असा हा खाड्याचा धाक. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे कल्याण महामंडळ उभे राहिले, त्यासाठी गाळप झालेल्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले, मुलांसाठी वसतिगृहे सुरू झाली. चांगले झाले. पण वसतिगृह शाळेत जाणाऱ्या मुलाचे असते, दहा महिन्यांच्या बाळाला बीडच्या वसतिगृहात ठेवता येत नाही. पूर्वीच्या साखरशाळाही शाळाच होत्या. टनामागच्या त्या दहा रुपयांतून प्रत्येक तळावर एक सावली, एक पाण्याचा हंडा आणि पगारी दोन बाया एवढे आधी का होऊ नये? यासाठी नव्या शोधाची गरज नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातच तरतूद होती, की कामावर सहा वर्षांखालची पाच वा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एका स्त्रीला नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे खड्डा खणण्याइतकेच काम आहे, हे या देशाच्या कायद्याने इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुठे म्हटले असेल. साखरेच्या किमतीत खताचा खर्च धरला जातो, वाहतुकीचा धरला जातो, व्याजाचा धरला जातो. सांभाळणुकीचा धरला जात नाही म्हणून ती तेवढी गोड लागते.

इथवर आम्ही शासनाला आणि कारखान्यांना बोल लावला. तो सोपा भाग होता.

आमच्यापैकी एक जण वीसेक वर्षांपूर्वी तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे नाहीत, बाळंतपणाचे नाहीत, आणि तेही सहा-सहा महिन्यांनी एकदम हातात. मूल सात महिन्यांचे होते. गल्लीतल्या एका बाईंकडे ते ठेवले जाई. आम्ही त्यांना ‘मावशी’ म्हणत असू. आजही तेच म्हणतो, दुसरे नाव पटकन आठवत नाही. मावशींना जे द्यायचो ते आमच्या मिळकतीच्या निम्म्याच्या आसपास होते, म्हणून आम्हाला ते फार वाटे. त्यांच्या बाजूने ते किती होते, हे आम्ही कधी मोजले नाही. त्यांना सुट्टी नव्हती. त्यांच्या मुलीचे लग्न ठरले त्या आठवड्यातही आमचे मूल त्यांच्या ओट्यावर होते. पैसे कधी वाढवून मागितले तर आम्हाला वाईट वाटे, ‘मावशी, तुम्ही पण?’ असे. दिवाळीला आम्ही त्यांना साडी घेत असू आणि त्या वेळी दोघींचेही डोळे भरून येत. हे अश्रू खोटे नव्हते. पण साडी मजुरीहून स्वस्त पडत होती, हेही तितकेच खरे. शासनाच्या भाऊबिजेवर आम्ही वर जे लिहिले ते लिहिण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे, याचा निवाडा वाचकांनी करावा. मावशींनी पुढे हे काम सोडले आणि एका शाळेत साफसफाईला लागल्या. कारण त्यांनी अगदी साधे सांगितले: तिथे रविवार असतो.

तेव्हा ‘मायेला मोल नसते’ हे वाक्य नेमके कोण उच्चारते, ते पाहिले पाहिजे. ते बहुधा मोल द्यायची पाळी ज्याच्यावर आलेली असते तोच उच्चारतो. आमच्या अभ्यासक्रमांनी या वाक्याला दीर्घकाळ छत्र धरले आहे. माधव जूलियन आणि यशवंत यांच्या आईवरच्या कविता, ‘श्यामची आई’ (१९३५), त्यांभोवती रचलेले निबंध आणि प्रश्नोत्तरे यांतून आई हा एक भाव म्हणून मनावर ठसला. तिचा दिवस किती तासांचा होता हे विचारणे अरसिकपणाचे ठरले. या कृती थोर आहेत, त्यांच्यावर खापर फोडायचे नाही. पण त्यांच्या शेजारी बाबुराव बागुलांची ‘आई’ ही कथा किती वर्गांत शिकवली जाते? त्या कथेत वर्गात आईवरचीच कविता चालू आहे आणि मजुरी करून जगणाऱ्या विधवेचा मुलगा ती ऐकतो आहे. कवितेतली आई आणि घरची आई यांच्यामधली दरी त्या मुलाला पेलत नाही. आम्ही ही कथा ‘दलित साहित्यातील विद्रोह’ या घटकात टाकतो आणि कविता ‘वात्सल्य’ या घटकात. दोन्ही घटकांचे पेपर वेगळे, सत्रे वेगळी. विद्यार्थ्याला त्या एकत्र आठवू नयेत याची पुरेपूर व्यवस्था.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचेही आपण हेच केले. बोर्डीला १९४५ साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, याचे एक कारण त्यांना कडेवर दिसले: धाकटे भावंड. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्या रचनेला ‘विकासवाडी’ म्हटले. थोरली बहीण शिकायची असेल तर धाकट्याला कोणीतरी सांभाळले पाहिजे, हा त्यातला रोकडा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्दही याच प्रयोगांनी दिला. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला, पण नेताना पाळण्याचा भाग मागे राहिला. आणि आम्ही काय शिकवतो? ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचे आत्मकथन ‘त्याग आणि समर्पण’ या शीर्षकाखाली. बाईंनी एक व्यवस्था उभी करून दाखवली. आम्ही तिची पोथी केली. व्यवस्था दुसऱ्यांदा उभी करता येते. त्याग कर म्हणून दुसऱ्याला सांगता येत नाही, निदान तासाला साडेसहा रुपयांत तरी नाही.

आजीचा मुद्दा आमच्या सहकाऱ्यांना फार प्रिय आहे. पूर्वी कुठे होती पाळणाघरे? आम्ही नाही वाढलो? वाढलो, पण कोणाच्या जिवावर, ते घरातल्या बायांना विचारलेले नाही. आजच्या बारामतीतले चित्र असे, की सोलापूरहून, मराठवाड्यातून नोकरीला आलेल्या जोडप्याची आजी गावी आहे आणि ती स्वतः खुरपणीला जाते. तिने मजुरी सोडून इथे यायचे तर तो रोजही कोणीतरी भरायचा की नाही? की आजी म्हटली की तिचा रोज शून्य धरायचा? काही मातांना मूल दुसऱ्याकडे ठेवायचेच नसते, त्यांना रजा हवी असते. तेही रास्त आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. फडातल्या आणि तासिका तत्त्वावरच्या बाईला ना रजा, ना पाळणा.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न मात्र गंभीर आहे, त्याला उडवून लावता येत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरचे पाळणाघर दिले, बाकीचा खर्च सरकारने उचलला. ते श्रीमंत देशाचे उदाहरण म्हणून सोडून देऊ. पण शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत पाळणाघरे काढायचे ठरवले, चार हजार ग्रामपंचायतींत. त्याचे नाव ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर. बहीण नाही, भाऊबीज नाही. घर, आणि ते बाळाचे. कानडीच्या या साधेपणाचा आम्हाला हेवा वाटला.

मोठमोठ्या मागण्या करून घरी जाण्याची सवय आम्हा प्राध्यापकांना आहे, म्हणून स्वतःच्या आवारापासून सुरुवात करायचे आम्ही ठरवले आहे. दोघींच्या महाविद्यालयांत एक एक खोली मागायची. तिथे प्राध्यापकांची, कार्यालयातल्या लोकांची, झाडू मारणाऱ्या बायांची आणि विद्यार्थिनींची मुले असतील. बापांचीही, हे अर्जात स्पष्ट लिहिले आहे. शुल्क ऐपतीप्रमाणे तीन पायऱ्यांचे, पावतीसह. उरलेला खर्च संस्थेने उचलावा आणि ‘पाळणा’ योजनेतून काही मिळते का, याचा पाठपुरावा करावा. मसुदा शिक्षककक्षात फिरवला, तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारले, विद्यार्थिनींना कशाला? आम्ही त्यांना एम.ए. भाग दोनची हजेरी दाखवली. लग्न झालेल्या मुली किती आणि त्यांतल्या किती जणी पहिल्या सत्रानंतर यायच्या थांबल्या, हे त्यात नुसत्या रेघांवरून कळते. ते म्हणाले, पण मग सांभाळायला कोण येणार? पगार दिला तर पुष्कळ जणी येतील, असे आम्ही म्हणालो. आठ तास, साप्ताहिक सुट्टी, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी. त्यांनी सही केली, जरा नाखुशीने.

मसुदा एका ठिकाणी अडला आहे. मूल सांभाळणाऱ्या पगारी व्यक्तीसाठी काय शब्द वापरायचा? ‘मावशी’ आम्ही पहिल्याच वाचनात खोडला. ‘आया’ला तुच्छतेचा वास येतो, ‘सेविका’चे काय होते ते वर सांगितलेच. ‘बालसंगोपिका’ हा शब्द एकीला बरा वाटतो. दुसरीचे म्हणणे असे, की त्यात पुरुष बसत नाही आणि हाक मारताना तो कोणाच्या तोंडी येणार नाही. तूर्त ‘पाळणाघर कर्मचारी’ असे लिहून ठेवले आहे. वाचकांपैकी कोणाला याहून बरा शब्द सुचला तर कळवावा. अर्ज या महिन्याच्या अखेरीस द्यायचा आहे.